सातबारा ब्लॉकचेनवर गेला म्हणजे हक्क निर्वेध होतो काय?

जमिनीची खरेदी, वाटणी वा वारसनोंद यांसंबंधी विचारणा करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून अलीकडे एक नवा प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. ब्लॉकचेन नावाच्या यंत्रणेवर जमिनीच्या नोंदी चढल्या, म्हणजे भाऊबंदकीचे दावे, बोगस खरेदीखते आणि दप्तरातील खाडाखोड यांतून कायमची सुटका होईल, असे आपण कोठेतरी वाचलेले असते. कोणी एजंट आपल्याला ‘ब्लॉकचेनवर नोंदविलेला’ प्लॉट दाखवितो. आणि पुण्या-मुंबईस नोकरी करणारा पुतण्या सुचवितो, की खरेदी थोडी लांबवावी, नवी व्यवस्था येऊ द्यावी. यांपैकी कशावर किती विसंबावे हे ठरविण्यास आपल्याला साहाय्य व्हावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

प्रश्नाला निमित्तही तसेच घडले. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीउल्ला विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणी निकाल देताना, दस्त नोंदण्यापूर्वी विक्रेत्याच्या नावे जमाबंदी, म्हणजे महसुली दप्तरात नोंद, झाल्याचा पुरावा मागणारे बिहारचे नियम रद्द केले. आणि दस्ताची नोंदणी झाल्याने मालकी निर्णायकपणे सिद्ध होत नाही, या आपल्या व्यवस्थेतील जुन्या दुखण्याचा ऊहापोह करून, ब्लॉकचेनच्या साहाय्याने ही पद्धत सुधारता येईल काय याचा अभ्यास विधी आयोगाने करावा, असे सांगितले. न्यायालयाने सांगितला आहे तो अभ्यास. महाराष्ट्रात ब्लॉकचेनवरील नोंदीने जमिनीचा हक्क मिळतो वा जातो, असा कायदा आज अस्तित्वात नाही.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. एकदा झालेली नोंद मागाहून कोणी गुपचूप बदलू नये, यासाठी ही यंत्रणा खरोखर उपयुक्त आहे, आणि महसूल खात्याने ती आणावी असे मला मनापासून वाटते. परंतु ती नोंद मुळात खरी होती की खोटी, तीत बहिणीचे नाव का वगळले गेले, आणि उताऱ्यावरचे क्षेत्र बांधावर प्रत्यक्ष भरते की नाही, हे ठरविण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. म्हणून तिच्या प्रतीक्षेत आजची दक्षता कोणी सैल करू नये.

ही यंत्रणा नेमके काय करते?

आपल्या घरी एखादा जुना हस्तलिखित सातबारा असेल तर तो समोर घ्या. भोगवटादाराच्या सदरात आजोबांचे नाव कंसात घातलेले दिसेल, त्याखाली वडिलांचे व चुलत्यांचे नाव असेल, आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असेल. तो आकडा फेरफाराचा. त्या क्रमांकाने गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की आजोबा केव्हा वारले, वर्दी कोणी दिली, तलाठ्याने नोंद कधी धरली आणि मंडल अधिकाऱ्याने ती कोणत्या तारखेस प्रमाणित केली, हे सारे सापडावे अशी मूळ योजना आहे. मागची नोंद खोडावयाची नाही, तिच्यावर पुढच्या क्रमांकाची नवी नोंद चढवावयाची, आणि आजच्या नावावरून मागे मागे जात मूळ पुरुषापर्यंत पोहोचता यावे, ही शिस्त आपल्या महसुली दप्तरात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे.

ब्लॉकचेन हीच शिस्त गणिताच्या बळावर पाळावयास लावते. प्रत्येक नोंदीच्या मजकुरावरून संगणक एक ठरावीक लांबीची खूण काढतो. तिला हॅश म्हणतात, आणि प्रचारातील एका पद्धतीत ती चौसष्ट चिन्हांची असते. पुढच्या नोंदीच्या पोटात मागच्या नोंदीची खूण गोवलेली असते, आणि सबंध वहीची प्रत एकाच वेळी अनेक ठिकाणी राहते. समजा, दहा वर्षांपूर्वीच्या नोंदीतील १ हेक्टर २० आर हे क्षेत्र कोणी १ हेक्टर ४० आर केले. त्या एका आकड्याने त्या नोंदीची खूण संपूर्ण बदलते, तिच्यावर चढलेल्या पुढील सर्व खुणा जुळेनाशा होतात, आणि अन्य ठिकाणच्या प्रती त्या फेरबदलाविरुद्ध साक्ष देतात.

मात्र येथे एक अट आहे. ह्या प्रती खरोखरच भिन्न हातांत असावयास हव्यात. महसूल खाते, नोंदणी खाते, भूमी अभिलेख, न्यायालय आणि बँका यांनी प्रत्येकी स्वतंत्र प्रत बाळगली तर या व्यवस्थेला अर्थ आहे. सर्व प्रती एकाच कार्यालयाच्या ताब्यात असतील, तर डिजिटल स्वाक्षरीच्या साध्या संगणकीय नोंदवहीहून ती फारशी वेगळी राहत नाही. कोणतीही नवी योजना आपल्यापुढे आली, तर पहिला प्रश्न हाच विचारा.

आपल्या जिल्ह्यातील तंटे कोठे उपजतात?

अहिल्यानगर जिल्ह्याला जमीनमोजणीचा आणि महसुली दप्तराचा मोठा वारसा आहे. निजामशाहीचा कारभार सांभाळताना मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी घालून दिलेली धारापद्धती इतिहासात नावाजलेली आहे. तरीही चौदा तालुक्यांच्या ह्या जिल्ह्यात जमिनीचे प्रश्न जागोजागी निरनिराळे आहेत, आणि त्यांपैकी कोणते प्रश्न ब्लॉकचेनने सुटतील हे प्रत्येकाने आपापल्या उताऱ्यावरून ताडून पाहावे.

पहिला प्रश्न वारसांचा. वडिलांच्या पश्चात मुलांनी वर्दी दिली आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावे सांगितलीच नाहीत, तर फेरफार चुकीचा होतो. तो ब्लॉकचेनवर गेला तर तीच चूक अधिक निगुतीने जतन होईल. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. तेव्हा जिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलेले नाही, अशा बहिणीचा हिस्सा उताऱ्यावर तिचे नाव नाही एवढ्यावरून संपत नाही. हा भाग मी मुद्दाम ठळकपणे मांडतो, कारण घेणाऱ्याची फसगत आणि बहिणीवरील अन्याय ही दोन्ही एकाच कोऱ्या जागेतून घडतात.

दुसरा प्रश्न जमिनीच्या प्रकाराचा. अकोले तालुक्यात आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६-अ प्रमाणे शासनाच्या मान्यतेसह जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात शेती महामंडळाकडून खंडकऱ्यांना परत मिळालेल्या जमिनी आहेत. त्यांचा आजचा वर्ग आणि शर्ती उताऱ्यावरून व वाटपाच्या हुकुमावरून तपासाव्या लागतात. कुळकायद्याने मिळालेली जमीन, देवस्थान इनाम, धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेली जमीन, ह्या प्रत्येकीला निराळे बंधन आहे. भोगवटादार वर्ग २ हे शब्द उताऱ्यावर दिसले, की परवानगीचा कागद पाहिल्यावाचून इसाराची रक्कम देऊ नये.

तिसरा प्रश्न हद्दीचा आणि वहिवाटीचा. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर मोडून गट पाडले गेले, त्या वेळी कागदावरचे क्षेत्र आणि जागेवरचा ताबा यांचा मेळ काही ठिकाणी बसला नाही. पुढे पोटहिस्से पडले, बांध सरकले. ऊसपट्ट्यात तर सामाईक विहिरीतील पाळी, शेजाऱ्याच्या गटातून गेलेली पाइपलाइन आणि बांधावरून बैलगाडी व ट्रॅक्टर नेण्याची वाट, यांच्यावाचून जमीन पिकतच नाही, आणि ह्या गोष्टी उताऱ्यावर एक तर ‘इतर हक्क’ सदरात त्रोटक असतात किंवा मुळीच नसतात. जे लिहिलेच गेले नाही, त्याचे रक्षण कोणतीही नोंदवही करू शकत नाही.

उरतो तो चौथा प्रश्न, आणि येथे मात्र ब्लॉकचेनचा उपयोग प्रत्यक्ष आहे. हस्तलिखित उताऱ्याचे संगणकीकरण होताना झालेल्या चुका, जुनी पाने फाटणे वा गहाळ होणे, आणि लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी असलेल्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ चा आधार घेऊन थेट हक्कातच बदल होणे, ही दुखणी नोंद झाल्यानंतरची आहेत. कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या क्षणी, कोणत्या हुकुमान्वये कोणता आकडा बदलला, याचा न पुसणारा माग राहिला, तर दुरुस्तीच्या नावाखाली होणाऱ्या गैरप्रकारांना मोठाच आळा बसेल. मी या व्यवस्थेचा पुरस्कार करतो तो याच कारणासाठी.

अन्यत्र काय झाले?

जॉर्जिया या छोट्या देशाने २०१६ पासून आपल्या जमीन-नोंदणीच्या खुणा ब्लॉकचेनवर ठेवावयास आरंभ केला आणि ती योजना टिकली. पण त्या आधीच तेथील नोंदणी खाते सुधारलेले व संगणकीकृत होते. होंडुरासमध्ये २०१५ साली अशीच घोषणा झाली आणि काम पुढे गेले नाही. स्वीडनच्या भूमापन खात्याने काही वर्षे प्रयोग करून व्यवहार तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचे दाखविले, तरी खरेदीखतावरील सहीसंबंधीचा तेथील कायदा आड आला. आपल्याकडे छत्तीसगडच्या दंतेवाडा जिल्ह्यात जुने जमीन-अभिलेख या रीतीने सुरक्षित करण्याचे काम झाले आहे, आणि महाराष्ट्रात गडचिरोलीच्या एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांसाठी ही यंत्रणा वापरात आली. जातीचा दाखला एकदा दिला की बहुधा तसाच राहतो. जमिनीचा हक्क मात्र मृत्यू, कर्ज, वाटणी आणि न्यायालयाचे हुकूम यांनी सतत हालत असतो, म्हणून एकावरून दुसऱ्याचे अनुमान जपून काढावे.

आज जमीन घ्यावयाची असेल तर

१. सातबारा, ८-अ आणि त्यांवर दिसणारा प्रत्येक फेरफार मिळवा. केवळ चालू उतारा पाहून थांबू नका. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने उतारे व कडईपत्रक आणि भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे गटबुक यांच्या नकला घ्या व आजच्या विक्रेत्यापासून मूळ खातेदारापर्यंतची साखळी स्वतः कागदावर लिहून काढा. जेथे एखादे नाव कारणाशिवाय नाहीसे होते, तेथे थांबा.

२. विक्रेत्याच्या कुटुंबाची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर मागा आणि ती गावात विचारून पडताळा. बहिणी, आत्या, आणि अकाली वारलेल्या भावाची पत्नी व मुले यांची चौकशी विशेष करा.

३. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील ई-सर्चमध्ये सूची क्रमांक २ पाहा. संगणकापूर्वीच्या वर्षांचा शोध दुय्यम निबंधक कार्यालयात वकिलामार्फत घ्या. किमान तीस वर्षांचा शोध घेण्याची रूढी आहे आणि ती योग्य आहे.

४. ‘इतर हक्क’ सदरातील विकास सोसायटीचा व बँकेचा बोजा, कुळाचे नाव, पुनर्वसनाचा शेरा, न्यायप्रविष्ट असल्याची नोंद यांपैकी प्रत्येकाचा खुलासा लेखी घ्या.

५. तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडून मोजणी करून नकाशाची ‘क’ प्रत घ्या, आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना हजर राहावयास सांगा. विहीर, पाइपलाइन व रस्ता यांचा उल्लेख खरेदीखताच्या मजकुरात चतुःसीमेइतक्याच स्पष्टपणे यावयास हवा.

६. आपण शेतकरी नसाल तर कुळकायद्याचे कलम ६३ आड येते, हे आधीच समजून घ्या. क्षेत्र लहान असेल तर तुकडेबंदीच्या तरतुदींत अलीकडे झालेले बदल आपल्या गटाला लागू होतात की नाही, याबद्दल वकिलाचे लेखी मत असावे.

एवढे झाल्यावर खरेदीखत नोंदवावे. नोंदणीनंतर दस्ताची माहिती फेरफारासाठी संगणकाद्वारे महसूल खात्याकडे जाते. तरीही आपल्या नावाचा फेरफार धरला गेला व प्रमाणित झाला याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. फेरफार हा महसुलापुरता असतो आणि त्याने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे; पण जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, त्यामुळे चुकीची नोंद फार काळ राहू देणे आपल्याच अंगाशी येते.

ज्या कागदांनी मालकी मिळत नाही

शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ सांगते. ह्या एका कसोटीवर पुढील गोष्टी घासून पाहा.

- डिजिटल टोकन. एखादी कंपनी एक एकर शेताचे शंभर भाग पाडून प्रत्येक भागाचे टोकन विकत असेल, तर आपल्याला मिळते ते त्या कंपनीचे वचन; जमिनीचा हिस्सा मिळत नाही. टोकनाच्या आधारे तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, फेरफार धरू शकत नाहीत.
- नोटरीपुढील साठेखत व जनरल मुखत्यारपत्र. सूरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही असे स्पष्ट केले.
- ‘ब्लॉकचेन प्रमाणपत्र’. खाजगी संस्थेने आपल्या दस्ताची खूण नोंदवून दिली, तर तो दस्त त्या तारखेस त्या स्वरूपात होता एवढे त्यावरून दिसते. विक्रेत्याला विकण्याचा हक्क होता काय, याबद्दल ते मौन असते.

आणखी एक धोका आतापासून ओळखून ठेवावा. काही ब्लॉकचेन व्यवस्थांत हस्तांतराचा अधिकार एका गुप्त किल्लीवर, म्हणजे लांबलचक सांकेतिक शब्दावर, अवलंबून असतो. ती ज्याच्या हाती तो धनी, आणि ती हरवली तर दाद कोठेच नाही. ज्या जिल्ह्यात वयोवृद्ध खातेदाराचा मोबाइलही बहुधा नातू हाताळतो, तेथे शेतजमिनीचे भवितव्य अशा किल्लीवर टांगणे मला सर्वस्वी अमान्य आहे. हस्तांतर दुय्यम निबंधकापुढे, ओळख पटवून आणि विचारपूस होऊनच घडावे. ब्लॉकचेनच्या साखळीने केवळ त्याची साक्ष ठेवावी.

डिजिटल उतारा कसा जपावा?

महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपये भरून मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कायदेशीर कामास चालतो. पण स्वाक्षरी असते ती मूळ फाइलमध्ये. तिचा मोबाइलने काढलेला फोटो हा नुसता फोटो. म्हणून उतरवून घेतलेली मूळ फाइल नाव वा मजकूर न बदलता दोन-तीन ठिकाणी साठवा, आणि छापील प्रत कोणी दिल्यास तिच्यावरील पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर घालून ताडून पाहा. संगणक जाणणाऱ्या मुलाकडून त्या फाइलचा हॅश काढून तारखेसह वहीत लिहून ठेवला तर उत्तम. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राच्या नमुन्यातही इलेक्ट्रॉनिक नोंदीचा हॅश नमूद करावा लागतो. ब्लॉकचेनचा जो अंश आपल्याला आज, कोणाचीही वाट न पाहता, वापरता येतो तो हाच.

जे गावापासून दूर राहतात त्यांनी ‘आपली चावडी’ या डिजिटल सूचनाफलकावर आपल्या गावाचे नाव निवडून प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दर आठवड्यास पाहाव्यात. आपल्या गटावर नवा फेरफार धरलेला दिसला तर हरकत घेण्यास साधारण पंधरा दिवस असतात.

नवी व्यवस्था गावात आली तर

उद्या शासनाने आपल्या तालुक्यातील नोंदी साखळीवर चढविण्याचे ठरविले, तर चढविण्यापूर्वीची रुजवात हाच कसोटीचा काळ असेल. त्या वेळी चावडीवाचन व्हावे, प्रत्येक खातेदाराला व ज्यांचा वारसाहक्क संभवतो त्यांनाही नोटीस मिळावी, आणि वादग्रस्त गटांवर ‘वादग्रस्त’ असा शेरा ठेवूनच ती नोंद पुढे जावी, असा आग्रह ग्रामसभेत धरा. कच्चा उतारा हाती येताच पुढील क्रमाने काम करा.

- नाव, क्षेत्र, आकार, वर्ग आणि इतर हक्क ही सदरे जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ओळीने ताडा.
- वारस लागायचे राहिले असतील तर आधी ते लावून घ्या. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे हक्कप्राप्तीची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते, पण उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही.
- चूक लेखनाची असेल तर तहसीलदारांकडे कलम १५५ खाली अर्ज करा. अधिकाऱ्याने तपासणीत स्वतःहून चूक काढली असेल तर संबंधितांना नोटीस देऊन हरकती निकालात काढल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. नोटिशीशिवाय बदल झाल्यास तो मुद्दा लेखी मांडा.
- हरकत तोंडी सांगू नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, शिक्का व पोच घ्या. हरकत आल्यावर ती तक्रार नोंदवहीत घेऊन दोन्ही बाजू ऐकूनच निर्णय व्हावयास हवा.
- मंडल अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील साठ दिवसांत करावे. निर्णयाची प्रमाणित नक्कल त्याच आठवड्यात मागा, कारण मुदतीचे गणित पुढे तिच्यावरच चालते. वाद मालकीचाच असेल, तर महसुली अपिलाच्या निकालाची वाट पाहत न बसता दिवाणी न्यायालयात दावा दाखल करण्याबाबत वकिलाचा सल्ला घ्या, आणि दावा दाखल झाल्यास त्याची लिस पेंडन्सची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे दाव्याच्या काळात जमीन घेणाऱ्या तिऱ्हाइतावरही निकाल बंधनकारक राहील.